कोल्हापुरी चपलेवरची धार

काल तुम्ही जी कोंबडी खाल्लीत, तिच्या मानेवरून फिरलेल्या सुरीला धार होती की नव्हती, हे तुम्ही कधी कुणाला विचारलंय का?

नसेलच विचारलं. दुकानात मांस ताटलीत, वर प्लॅस्टिक ताणून असं निवांत पडलेलं असतं की ते कधी चालतं-फिरतं होतं याची शंकासुद्धा येत नाही. आणि तरीही आमच्या इथल्या, ओहायोतल्या मराठी मंडळात देवयानीचं नाव निघालं की लोकांच्या कपाळावर आठ्या पडतात. ‘ती हरणं मारणारी.’ हे म्हणताना आवाज असा खाली आणतात, जणू बाई घरात दारूचा गुत्ता चालवते. मला या आठ्यांचा भयंकर राग येतो. म्हणून हे लिहायला बसले.

जुलैतली मंडळाची पिकनिक. कोलंबसजवळच्या डब्लिनमधलं पार्क, मोठी शेगडी, त्यावर धूर. सुमंत देव, आमच्या मंडळाचे माजी अध्यक्ष, हातात तंदुरी तंगडी घेऊन देवयानीसमोर येऊन उभे राहिले.

“देवयानी, खरं सांग. तू खरंच बाणानं हरणं मारतेस?”

“अजून मिळालं नाही काका, पण मारणार. सीझनमध्ये. लायसन्स काढून.”

“अगं पण किती निष्पाप डोळे असतात त्यांचे.”

“तुमच्या हातातल्याचे कसे होते?”

“हे दुकानातनं आलंय.”

“तरीच. दुकानात उगवतं ते.”

सुमंतकाकांनी तंगडी जरा मागे घेतली. मग म्हणाले, “नाही, आमच्या बॅकयार्डमधली सगळी फुलं तीच खातात, तो भाग वेगळा. मी चार प्रकारचे स्प्रे मारून बघितले. काही उपाय असला तर सांग हं.”

“आहे ना. पण तुम्हाला डोळे आठवतील.”

ही देवयानी. आता तिची नीट ओळख करून देते, कारण मंडळातल्या निम्म्या लोकांना तिच्याबद्दल फक्त ऐकून माहीत आहे.

ती मूळची कराडची. बसस्टँडच्या मागच्या गल्लीत तिच्या वडिलांचं, अण्णांचं, केशकर्तनालय. दोन खुर्च्या, एक आरसा, आरशाच्या कडेला तडा. शाळा सुटली की ही तिथेच. गिऱ्हाइकं म्हणायची, “अण्णा, पोरीच्या हातात वस्तरा काय देताय?” अण्णा म्हणायचे, “हातात नाही देत, कानात देतोय.” वस्तरा चामड्याच्या पट्ट्यावरून जाताना एक आवाज करतो आणि धार बसत आली की तो आवाज मऊ होतो. अण्णा तिला पाठमोरी उभी करायचे आणि विचारायचे, झाला का? ती म्हणायची, अजून नाही. मग अजून चार हात. बोथट वस्तरा गिऱ्हाइकाला लावणं म्हणजे त्याच्या तोंडावर शिवी देणं, हा त्यांचा नियम होता आणि त्यापायी ते भांडणंही करायचे. घाईत असलेल्या गिऱ्हाइकाला ते सरळ दुसऱ्या दुकानात धाडत.

पुढे डिग्री, पुण्यातली नोकरी, व्हिसा, कोलंबस. आता ती एका इन्शुरन्स कंपनीत सॉफ्टवेअर तपासते. म्हणजे दुसऱ्याच्या कामातल्या चुका काढायचा तिला पगार मिळतो. घरी येऊन ती तेच काम फुकट करते, असं तिचा नवरा सत्यजित म्हणतो. सत्यजित कोल्हापूरचा, देवघरात तलवार असलेल्या घरातला. उंच, गोरा, मनानं लोण्याचा. त्याच्या घरच्यांनी या लग्नाला किती नाकं मुरडली आणि मग देवयानीनं पहिल्याच दिवाळीत सासऱ्यांची दाढी करून ती नाकं कशी सरळ केली, तो वेगळा किस्सा आहे.

धनुष्य तिच्या हातात आलं ते निव्वळ योगायोगानं. गावाच्या रिक्रिएशन सेंटरमध्ये ती बॅडमिंटनचं नाव नोंदवायला गेली. तो वर्ग भरला होता. शेजारच्या टेबलावरची बाई म्हणाली, आर्चरीत जागा आहे. दोन हिवाळे ती नुसती गवताच्या ढिगाऱ्यावर बाण मारत होती. मग शिकारीचा कोर्स केला, परीक्षा दिली, लायसन्स काढलं. सत्यजितला वाटलं, हौस आहे, फिटेल. ती काही फिटली नाही.

शिकारीच्या बाणाला पुढे जे पातं बसवतात त्याला इथे ब्रॉडहेड म्हणतात. सरावाच्या बाणाला साधं टोक असतं, पण शिकारीला रुंद, धारदार पातं लागतं. बंदुकीची गोळी जनावराला धक्क्यानं पाडते. बाण तसं करत नाही, तो कापतो. पातं वस्तऱ्यासारखं असेल तर जनावर चार उड्या मारतं, थांबतं आणि खाली बसतं. बोथट असेल तर ते दिवसभर जखम घेऊन रानात फिरतं. सगळं त्या एका धारेवर आहे. हे ऐकलं तेव्हा देवयानीच्या डोक्यात एकदम कराडचा आरसा उभा राहिला असणार.

ब्रॉडहेड घ्यायला ती गेली तेव्हा मी सोबत होते. दुकानात एक मोठी भिंतच पात्यांची. काऊंटरवरच्या पोरानं तिच्याकडे बघितलं आणि गुलाबी पाकीट पुढे केलं. आतली पाती मिटलेली, जनावराला लागली की छत्रीसारखी उघडणारी.

“लेडीजमध्ये हे खूप चालतं,” तो म्हणाला.

देवयानीनं पाकीट उलटसुलट केलं. “हे उघडायला जोर लागतो ना?”

“थोडासा.”

“तो कुणाच्या खिशातून जातो? माझ्या धनुष्याची दोरी ओढायला पंचेचाळीस पौंडांचाच जोर लागतो. बाणाकडे आधीच बेताचा जोर. त्यातला थोडा यानं छत्री उघडायला खाल्ला तर कापायला काय उरलं?”

पोरगा हसला, पण खरं हसला. “मग तुम्हाला फिक्स्ड, न मिटणारं पाहिजे,” म्हणाला. “दोन धारांचं. टोकापासूनच कापणारं.”

मग दोघांची मस्त जमली. स्टेनलेस की साधं कार्बनचं पोलाद, यावर त्यांनी डोकं लावलं. स्टेनलेस गंजत नाही, पण दगडावर हट्टीपणा करतं. कार्बनचं पोलाद लवकर गंजतं, पण धार अशी घेतं की वाट बघत असल्यासारखी. देवयानीनं कार्बनची तीन पाती घेतली. प्रत्येक पातं बाणावर बसवून, बाण तळहातावर उभा धरून भोवऱ्यासारखा फिरवून बघितला. टोक जरा जरी थरथरलं तर पातं परत. पोरानं सांगून टाकलं, “कंपनीची धार आहेच, सरळ वापरू शकता.” ती म्हणाली, “कंपनीला माझ्या हरणाला तोंड दाखवायचं नाहीये. मला दाखवायचंय.”

आता अडचण होती ती जागेची. सरकारी रानात शनिवार-रविवारी इतकी गर्दी की झाडामागे झाड कमी आणि माणूस जास्त. खाजगी जमिनीवर जायचं तर मालकाची लेखी परवानगी हवी. देवयानी उन्हाळाभर दारं वाजवत हिंडली. कुणी सभ्यपणे नाही म्हणालं, कुणी दार उघडलंच नाही, एकानं सत्यजितकडे बघून विचारलं, “शिकार कोण करणार, हे का?” सत्यजित म्हणाला, “मी फक्त गाडी चालवतो.” मालकानं दोघांकडे आळीपाळीनं बघितलं आणि दार लावलं. एक आख्खा सीझन असाच गेला होता, दुसराही तसाच जाणार अशी लक्षणं होती. देवयानी बोलून दाखवत नव्हती, पण गॅरेजमध्ये जाऊन धार लावलेल्या पात्यांनाच परत धार लावत बसायची.

मग क्लाइड सापडला. डब्लिनच्या पुढे, मक्याची शेतं सुरू होतात तिथे त्याची जमीन. आयुष्यभर शाळेची बस चालवलेला म्हातारा. मागे ओढा, ओढ्याला लागून ओक आणि हिकरीचं रान. तो दर सीझनला एकाच माणसाला परवानगी देतो. आदल्या वर्षी ज्याला दिली, त्यानं गंजकं पातं वापरलं. जखमी मादी दोन दिवस त्याच्या शेतात लंगडत होती आणि शेवटी क्लाइडलाच गोळी घालून तिला सोडवावं लागलं. तेव्हापासून त्याचा नवा नियम. माणूस नंतर, आधी पातं बघणार.

“शनिवारी सकाळी या,” तो देवयानीला फोनवर म्हणाला. “पाती घेऊन. दुपारी अजून एक जण येतोय. तुमचं पसंत पडलं तर त्याला मी नको सांगेन.”

शनिवारी दसरा. मंडळाचा कार्यक्रमही त्याच दिवशी दुपारी. म्हणजे आधी क्लाइड, मग मंडळ, असं ठरलं. आणि आदल्या दिवशी खंडेनवमी.

खंडेनवमीला आपण हत्यारांची, अवजारांची पूजा करतो. अण्णा वस्तरे, कात्र्या, तो चामड्याचा पट्टा, सगळं पाटावर मांडायचे. मुठीला कुंकवाचं बोट, झेंडूचं एक फूल, बस. पात्याला ओला हातसुद्धा लावायचा नाही. देवयानीनं अगदी तसंच केलं. तिन्ही बाणांवर पाती बसवलेली, पाच संध्याकाळी खपून अशी धार लावलेली की कागद नुसता टेकवला तरी दोन भाग. पाटावर धनुष्य, बाण, धारेचा दगड, अण्णांकडून आणलेला जुना पट्टा. उदबत्ती ओवाळली आणि ती मंडळासाठी श्रीखंड करायला स्वयंपाकघरात गेली. पूजेला मांडलेल्या हत्याराला दसऱ्यापर्यंत हात लावत नाहीत, तेव्हा बघायचाही प्रश्न नव्हता.

सत्यजित नंतर पाया पडायला आला. त्याला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. कोल्हापूरला त्याच्या घरी तलवारीच्या टोकाला लिंबू टोचल्याशिवाय पूजा झाली असं कुणी मानत नाही. बायको विसरली असेल, म्हणून त्यानं फ्रिजमधून तीन मोठी पिवळी लिंबं काढली आणि प्रेमानं, एकेका पात्यावर एकेक, चांगली खोल बसवली. रात्रभर.

सकाळी त्यानंच ती काढली, फडक्यानं पाती पुसली, बाण पेटीत ठेवले. बायकोला त्रास नको म्हणून. इतका गुणी नवरा आहे तो.

मी मागच्या सीटवर होते, मांडीवर मंडळाच्या झेंडूचं खोकं. देवयानी पुढे, जीन्स आणि बूट, पैठणी हँगरवर खिडकीला लटकलेली. सत्यजित कुर्ता-पायजमा आणि नवीकोरी कोल्हापुरी, त्याच्या आईनं पाठवलेली. गाडीत कुणाचा मूड म्हणाल तर लग्नाला निघाल्यासारखा.

क्लाइडच्या घरामागे लाकडी बाकडं. त्यावर त्यानं एक रबरबँड ठेवलेला. म्हणाला, हा मी दोन बोटांत जरासा ताणून धरणार, तुम्ही पातं नुसतं टेकवायचं. दाबायचं नाही, ओढायचं नाही. तुटला तर पातं खरं.

देवयानीनं पेटी उघडली.

मी तिच्या खांद्यावरून बघितलं. पात्यांच्या टोकापासून मध्यापर्यंत काळसर डाग, कडेला नारिंगी गंज आणि जिथे कालपर्यंत आरशासारखी रेघ होती तिथे उंदरानं कुरतडल्यासारखी धार. तिनं एक बाण उचलून नाकाशी नेला.

“सत्यजित,” ती मराठीत म्हणाली, फार हळू. ती हळू बोलते तेव्हा मी स्वतः दोन पावलं मागे सरते. “यांना लिंबाचा वास का येतोय?”

“टोचली होती ना मी. तू विसरली होतीस.”

“मी विसरले नव्हते.”

“अगं, आमच्याकडे तलवारीला—”

“तुमची तलवार शेवटची कधी चालली? शिवाजी महाराजांच्या काळात? तिला लिंबू काय, अख्खं लोणचं लावलं तरी कुणाला कळणारे. हे उद्या चालवायचं हत्यार आहे.”

“मला काय माहीत लिंबानं असं होतं.”

“तांब्याचा देव लिंबानं घासतोस ना? कशानं निघतं मग काळं?”

सत्यजितचा चेहरा बघवेना. क्लाइडला शब्द कळत नव्हते, पण चाळीस वर्षं शाळेची बस चालवलेल्या माणसाला भांडण कळायला भाषा लागत नाही. त्यानं विचारलं, “काही प्रॉब्लेम?”

आता इथे गंमत बघा. गाडीच्या डिकीत दुकानातलं एक बंद पाकीट होतं. सत्यजितनं वाढदिवसाला दिलेली, त्याच छत्रीवाल्या जातीची पाती. कंपनीची धार, कोरी करकरीत. सत्यजितनं तिच्या कानाशी तेच सुचवलं. “ती दाखव. म्हाताऱ्याला काय कळणारे. परवानगी मिळाली की घरी जाऊन ही नीट कर.”

देवयानीनं डिकीकडे वळूनसुद्धा बघितलं नाही.

मग ती क्लाइडकडे वळली आणि सगळं सांगितलं. सण काय, पूजा काय, लिंबू का. इंग्रजीत ते आणखीच वेडगळ वाटत होतं. क्लाइडचं तोंड हळूहळू उघडत गेलं. “तुम्ही बाणाच्या टोकावर लिंबू लावलं,” त्यानं खात्री करून घेतली. “रात्रभर.”

“नवऱ्यानं लावलं. श्रद्धेनं. मला इथेच धार लावू द्या. तुमच्यासमोर. लागली तर बघा, नाही लागली तर मी जाते.”

क्लाइड खुर्चीत बसला. “मला दुपारपर्यंत दुसरं काम नाही,” म्हणाला.

तिनं बाणांवरची पाती काढली. पेटीतून धारेचा दगड निघाला, पूजेतलं कुंकू त्याच्या कडेला तसंच. दगडावर पाणी शिंपडलं. पात्याची कड काळ्या मार्करनं रंगवली, म्हणजे दगड नेमका कुठे घासतोय ते दिसतं. कोपऱ्यात शाई राहिली तर हात तिरका पडतोय. मग सुरुवात. एकाच कोनात, एकाच दिशेनं, घाई नाही. गंज निघाला, खाली पांढरं पोलाद दिसायला लागलं. एका बाजूनं घासत गेलं की पलीकडे तारेइतकी बारीक कड वळून येते, ती कड देवयानी अंगठ्याच्या पेरानं चाचपत होती. कड पूर्ण लांबीला आली की बाजू बदल. मग हात हलका, आणखी हलका.

तिसरं पातं तिनं उचललं, उजेडात धरलं आणि बाजूला ठेवलं.

“ते?” क्लाइडनं विचारलं.

“लिंबानं टोकच खाल्लंय. घासून घासून दुरुस्त होईल, पण मग वजन कमी होईल, बाण वाकडा जाईल. हे आता सरावाला.”

“म्हणजे तुमच्याकडे दोनच.”

“हरणाला एकच लागतं.”

क्लाइडनं खुर्ची जरा पुढे ओढली.

आता शेवटचं काम उरलं होतं. चामड्यावर पाजळायचं. दगडावरची धार खरखरीत असते, ती चामड्यावर फिरवली की गुळगुळीत होते. देवयानीनं पेटीत हात घातला, सगळं वर-खाली केलं आणि थांबली. अण्णांचा पट्टा घरी, पाटावर, झेंडूच्या फुलाखाली.

तिनं आजूबाजूला बघितलं. क्लाइडचा कमरेचा पट्टा रेक्झिनचा. माझी पर्स तर बोलायलाच नको. मग तिची नजर खाली गेली. सत्यजितच्या पायांवर.

“काढ,” ती म्हणाली.

“काय?”

“चप्पल.”

“देवयानी, नवीन आहे. आईनं पाठवलीय.”

“म्हणूनच. खडा-माती नाही लागलेली. अस्सल कातडं, झाडाच्या सालीत कमावलेलं, दहा दुकानं फिरलं तरी इथे मिळणार नाही. उजवी दे.”

सत्यजितनं उजवी कोल्हापुरी काढून दिली आणि दवानं भिजलेल्या गवतात एका पायावर उभा राहिला, बगळ्यासारखा. क्लाइडनं बघितलं आणि त्याला हसू आवरेना. देवयानीनं चपलेचा पाय ठेवायचा भाग रुमालानं पुसला, चप्पल मांडीवर आडवी धरली आणि पातं त्यावरून फिरवायला लागली. धार मागे, पाठ पुढे. सर्र, सर्र. तिनं मान तिरकी केली. डोळे मिटले. मला तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं, ती आता ओहायोत नव्हती.

“आवाज बदलला का गं?” मी विचारलं.

“गप. अजून नाही.”

सर्र, सर्र, सर्र. मग मलाही ऐकू आलं. खरंच ऐकू आलं. आवाज मऊ झाला, रेशमी कापड ओढल्यासारखा. दुसऱ्या पात्याला जरा जास्त वेळ लागला, कारण मध्येच सत्यजितनं विचारलं, “पाय बदलू का?” आणि ती हसली, आणि हसताना हात हलतो, म्हणून पुन्हा पहिल्यापासून.

क्लाइडनं रबरबँड दोन बोटांत धरला. जेमतेम ताणलेला. देवयानीनं पातं आणलं आणि टेकवलं. टेकवलं म्हणजे टेकवलंच, त्यापलीकडे काही नाही. रबरबँड तुटल्याचा आवाजही आला नाही, दोन टोकं क्लाइडच्या बोटांवर मुडपून बसली. त्यानं दुसरा काढला, मुद्दाम अजून सैल धरला. दुसरं पातं. तोही गेला.

क्लाइडनं पातं हातात घेतलं, उजेडात फिरवलं. मग देवयानीच्या मांडीवरची ती चप्पल मागितली आणि तीही तितक्याच मन लावून बघितली.

“गेल्या वर्षीच्या पोराकडे महागडं मशीन होतं धार लावायचं,” तो म्हणाला. “तुम्ही मला सांगितलं नसतं तर मी लिंबाचं ओळखलं असतं का, माहीत नाही. पण तुम्ही सांगितलंत.” त्यानं खिशातून फोन काढला आणि दुपारच्या माणसाला आमच्यासमोर फोन लावला. जागा गेली, म्हणाला. कुणाला दिली, असं पलीकडून विचारलं असावं. क्लाइड म्हणाला, “एका बाईंना. त्या चपलेवर धार लावतात.”

देवयानी बाकड्यावर बसली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. रडतेय असं मला वाटलं. पण ती हसत होती, खांदे गदागदा हलत होते. सत्यजित एका चपलेवर लंगडत तिच्याजवळ गेला. तिनं त्याचा कान धरला. जोरात नाही.

मग क्लाइडनं आम्हाला रान दाखवलं. ओढ्याच्या अलीकडे तारेचं कुंपण, त्यात लाकडी फाटक. फाटक ओलांडताना देवयानी थांबली आणि मला म्हणाली, “ताई, आज दसरा. हे आपलं सीमोल्लंघन.” पलीकडे ओकच्या फळांचा सडा पडलेला, त्यात हरणांच्या खुरांचे ताजे ठसे. ती वाकून वाकून बघत होती, हात लावत नव्हती. कुठल्या झाडावर बसायचं, वारा कुठून येतो, क्लाइड सांगत होता आणि ती मान डोलवत होती. बोलायची संधी असताना गप्प बसलेली देवयानी मी तेव्हा पहिल्यांदा बघितली.

फाटकाशी रेडबडचं झाड होतं. ते आपल्या आपट्याच्या गोतावळ्यातलंच, पानं साधारण हृदयासारखी आणि ऑक्टोबरात खरोखर सोन्याच्या रंगाची होतात. देवयानीनं एक पान तोडून क्लाइडच्या हातात दिलं आणि म्हणाली, सोनं घ्या. सत्यजितनं समजावून सांगितलं. म्हाताऱ्यानं ते पान टोपीत खोचलं. आम्ही मंडळात पोचलो तेव्हा आरती संपली होती, श्रीखंड विरघळलं होतं आणि सत्यजितच्या उजव्या चपलेवर काळे पट्टे होते. सुमंतकाकांनी विचारलं, “अरे, चपलेला काय झालं?” तो म्हणाला, “परवानगीचा शिक्का आहे.”

नोव्हेंबरात, सकाळच्या धुक्यात, त्याच रानात देवयानीनं एकच बाण सोडला. मादी वीसेक पावलं गेली, थांबली आणि पाय मुडपून बसली. देवयानी झाडावरून उतरली नाही, बराच वेळ तशीच हात जोडून बसली, असं तिनं मला सांगितलं. निम्मं मांस फूड पँट्रीच्या, म्हणजे गरजूंना फुकट शिधा देणाऱ्या केंद्राच्या फ्रीजरमध्ये गेलं. ते न्यायला मीच होते, आणि तिथल्या बायकांनी ते कसं वाटून घेतलं ते मी बघितलंय. उरलेल्याचा तांबडा रस्सा देवयानीच्या घरी झाला. क्लाइडनं तो घाम पुसत पुसत दोनदा घेतला. सुमंतकाकाही आले होते. आधी म्हणाले, मी फक्त वास घेतो. मग म्हणाले, चव बघतो. मग त्यांना पोळी कमी पडली.

आता तिच्या गॅरेजमध्ये दर रविवारी धार लावायचा वर्ग भरतो. मंडळातल्याच तिघी-चौघी येतात, एक कॉलेजातला पोरगा येतो, लायसन्सं निघालीत, पाती तयार आहेत. जागा मात्र नाही, कारण क्लाइडचा एकाच माणसाचा नियम आहे आणि तो मोडायला आम्ही त्याला सांगणार नाही. माझ्या माहितीत ओहायोत तुम्ही निम्मे लोक अशा घरांत राहता, ज्यांच्या पलीकडे कुणाचं तरी रान आहे. त्या शेजाऱ्याला तुम्ही हात हलवून हॅलो करता आणि गाडीत बसता. या आठवड्यात गाडीत बसू नका. त्याच्या दारावर जा आणि सांगा, आमच्यात काही माणसं आहेत, ती आधी पातं दाखवतात आणि मग परवानगी मागतात. तो हो म्हणाला तर मला फोन करा.